कुंदाने निजायचं कुठे

साडेतीन महिन्यांची कुंदा सकाळपासून पाच मांड्यांवर फिरून आली होती, आणि तिने निजायचं कुठे यावर प्रत्येक मांडीने आपला वेगळा निकाल देऊन टाकला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी उरकून कोकिळा आज पुलगावहून अल्लीपूरला सासरी परतली होती. पोहोचवायला तिचा भाऊ भैय्याजी आला होता. पुलगावात त्याचं सुतारकामाचं दुकान. त्याच्या डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लांबट वस्तू होती. वर्ध्याच्या स्टँडवर कंडक्टरने ती टपावर टाकायला लावली, आणि तिथपासून प्रत्येक थांब्याला भैय्याजी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून वर पाहत आला.

सपरीत, पुढच्या ओसरीवर, चहा यायच्या आत त्याने गोणपाट सोडलं. चार पायांची लाकडी पेटी. तीन बाजूंना हातभर उंच कठडा, चौथी बाजू मात्र जेमतेम चार बोटं, आणि त्या बाजूला दोन लोखंडी आकडे. आकडे खाटेच्या लाकडात अडकवले की पेटी खाटेला चिकटून उभी राहायची. आईने हात लांबवला की लेकरू हाताशी. पण अंथरूण आईचं आईला, लेकराचं लेकराला. तळाला सपाट फळी, फळीवर एकच घट्ट घडीची गोधडी. उशी नाही, लोड नाही.

"लाकूड कुठचं हे?" कोकिळेचे सासरे अण्णाजी यांनी फळीवर बोट फिरवलं. दोनदा रंधा मारूनही एका फळीवर काळ्या आकड्यांची फिकट ओळ राहिली होती.

भैय्याजीला खोटं बोलता येत नसे. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतल्या रिकाम्या खोक्यांचा लिलाव झाला होता, त्यातलं, असं त्याने सांगून टाकलं.

"म्हंजे गोळे ठेवाचं खोकं," अण्णाजी म्हणाले आणि त्यांनी बोट धोतराला पुसलं.

"बाप्पा," नणंद आनंदाबाई आतून चहा घेऊन येत म्हणाली, "लेकरू हाये का बारूद?"

आनंदाबाई भाचीला पाहायला दोन दिवसांपासून येऊन राहिली होती. जामच्या चौकात तिच्या नवऱ्याचं चहाचं दुकान. चालत्या ट्रकच्या ड्रायव्हरला ऐकू जाईल असं बोलायची तिला सवय. तिची चारही मुलं तिच्या कुशीत निजून मोठी झाली होती, आणि हे ती सकाळपासून सहाव्यांदा सांगत होती. लेकराला आईच्या अंगाची ऊब लागते. पेटीत शव ठेवतात का लेकरू? मग तिची तिलाच जीभ चावावी लागली.

 सासू देवकाबाई मधघरात गेली आणि आढ्याला बांधलेल्या झोळीची गाठ तिने आणखी एकदा आवळली. झोळी तिने आठ दिवस आधीच बांधून ठेवली होती. जुन्या मऊ लुगड्याची, आणि तिच्या स्वतःच्या अंथरुणाशेजारी. लेकरू माझ्यापाशी राहील, तू पाजून देत जा आणि आपल्या खोलीत निजत जा, एवढंच तिने सुनेला सांगितलं होतं. ते इतक्या सरळ आवाजात सांगितलं होतं की कोकिळेला भांडायला जागा सापडेना.

आधी पेटी जागेवर तरी बसू दे, म्हणून भैय्याजीने ती कोकिळेच्या खाटेला लावली. आकडे लाकडापर्यंत पोचेनात. पेटी चांगली तीन बोटं खाली राहत होती.

चूक जावयाची निघाली. खाटेची उंची कळवा म्हणून भैय्याजीने पत्र टाकलं होतं, आणि कोकिळेच्या नवऱ्याने, रूपरावाने, कार्डावर उलट टपाली कळवलं होतं: दोन वीत, चार बोटं. रूपरावाची वीत म्हणजे फावडं. भैय्याजीने आपल्या वितीने मापलं.

"घरात टेप नव्हता का?" कोकिळेने विचारलं.

"होता ना," रूपराव म्हणाला. "पन वीत जवळ होती."

मग पायांखाली द्यायला लाकडाचे ठोकळे पाहायला भैय्याजी गावातल्या सुताराकडे निघून गेला, आणि आपली बाजू मांडणारं एकमेव माणूस दाराबाहेर गेलेलं कोकिळेने पाहिलं. तो गेल्यावर तिने रूपरावाला खोलीत गाठलं.

"तुमाले काय वाटते?"

"मले?" त्याने कुंदाच्या मुठीत आपलं बोट दिलं होतं आणि तो त्याच्याकडेच पाहत होता. "माय म्हणते तेही बराबर हाये."

"अन् मी म्हणते ते?"

"तेही बराबर हाये. आक्काचं म्हननंही तसं..."

"मंग पोरीचे तीन तुकडे करा अन् वाटून द्या."

तो दुखावून बाहेर गेला. त्याच्या पाठीकडे बघताना तिचा राग अर्धा उतरला आणि थकवा दुप्पट झाला. खरी गोष्ट तिने त्यालाही सांगितली नव्हती. माहेरी एका दुपारी पाजता पाजता तिचा डोळा लागला होता, आणि जाग आली तेव्हा कुंदाचं नाक तिच्या दंडाखाली होतं. झालं काही नव्हतं. कुंदा नुसती चिडून लाल झाली होती. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्याच होत्या, लेकरू हाताच्या अंतरावर ठेव पण अंथरुणात घेऊ नको, दमलेल्या बाईची झोप आंधळी असते. तेव्हापासून कोकिळा भिंतीला टेकून, बसून पाजत होती. हे तिने फक्त वहिनीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी भैय्याजीने काही न विचारता लाकूड कापायला घेतलं.

आता हे या घरात कसं सांगायचं? लेकीला चेंगरता चेंगरता वाचवली, असं? झोळी तर दूरच्या खोलीत. तिथे कुंदा कुशीवर झाली, लुगडं तोंडावर आलं, तर इथे कळणार कसं?

कुंदाने जांभई दिली. पूर्ण चेहऱ्याचं तोंड होऊन गेलं आणि परत आलं. कोकिळेने तिच्या टाळूचा वास घेतला, दूध आणि वेखंडाचा, आणि तिला झोळीत नेऊन ठेवलं. तात्पुरतं. न्हाऊन येईपर्यंत.

देवकाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. दुपारी कापूस वेचणीच्या बाया यायच्या होत्या, त्यांच्या आधी जेवणं उरकायला हवी होती.

सून तिला कठोर समजते हे तिला दिसत होतं. समजू दे. लेकरू आईच्या अंथरुणापासून लांब राहिलं पाहिजे, मग त्यासाठी कठोर व्हावं लागलं तरी चालेल. पेटी खाटेला चिकटलेली. चार बोटांची फळी ती काय, दमलेली बाई चार बोटं सहज ओलांडते.

तिला माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी, अशाच पौषाच्या तोंडाशी, आनंदा आणि रूपरावाच्या पाठीवर झालेला तानबा दोन महिन्यांचा होता. वेचणीला माणूस मिळत नव्हतं म्हणून ती बाळंतीण वावरात गेली. दिवस मावळेपर्यंत पाठ वाकवून वेचलं, घरी येऊन रांधलं, आणि तानबाला पाजायला घेऊन आडवी झाली. सकाळी तो तिच्या काखेत होता. ओठ निळे, आणि गालावर तिच्या चोळीच्या शिवणीचा वळ उमटलेला.

तो वळ तिच्याशिवाय कुणी पाहिला नाही. बायांनी विचारलं, काल घरात कोण आलं होतं? आदल्या दिवशी शेजारची अनुसयाबाई आली होती, मूल नसलेली, तानबाला मांडीवर घेऊन बसली होती. दिठ लागली, असं सासू म्हणाली. मग सगळेच म्हणाले. देवकाबाई गप्प राहिली. दोन घरांमधल्या भिंतीत एक दार होतं, ते अण्णाजींनी स्वतः विटा लावून बुजवलं. सुतक फिटल्यावर बोलायचं असं तिने ठरवलं होतं. मग वर्ष सरल्यावर. मग विटांवर गिलावा झाला.

आज सकाळी अनुसयाबाई रस्त्यात उभी राहूनच लेकरू बघून गेली होती. तिने शिवलेलं झबलं भैय्याजीच्या हाती दिलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, तो आत घेऊन आला. आनंदाबाईने ते दोन बोटांत धरून खिडकीवर ठेवलं होतं.

भाकरी करपली. देवकाबाईने ती आपल्या ताटात घेतली.

अण्णाजींना या सगळ्या बायकी कटकटीचा वीट आला होता. झोळी म्हणे, पेटी म्हणे. या घरातल्या लेकरांनी कुठे निजायचं हे त्यांच्या आजोबांपासून ठरलेलं होतं. वावरात सीतादईची पूजा करून वेचणीचा पहिला कापूस घरात आला की त्या वर्षीचं लेकरू त्या कापसावर निजवायचं. आनंदा निजली, रूपराव निजला. लक्ष्मीच्या मांडीवर बसल्यासारखं ते.

आणि यंदा कापूसही तसाच आला होता. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग, नंबर लागायला अजून आठ दिवस, म्हणून मधघराला लागून असलेली खोली दिवाळीपासून भरत चालली होती. दाराला आडव्या फळ्या लावलेल्या, आत छातीइतका ढीग. पांढरा, लांब धाग्याचा, आणि दुपारच्या उन्हाने कोमट.

झोळीत कुंदा जागी होती, कुरकुरत होती. सून न्हाणीत, बाकीच्या चुलीपाशी. अण्णाजींनी तिला उचललं. दोन फळ्या काढल्या, ढिगाच्या उतारावर हाताने खळगा केला आणि तिला त्यात निजवलं. कुंदा क्षणभर स्तब्ध झाली. मग तिने दोन्ही पाय झाडले, कापूस उडाला आणि ती हसली. पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसली. 

"राजाच्या पोरीले नाई भेटत अशी गादी," त्यांनी तिला सांगितलं.

ते तिथेच बसून होते. ती निजली. मग अंगणातून हाका आल्या. वेचणाऱ्या बाया गाठोडी घेऊन आल्या होत्या आणि काटा लावायला माणूस नव्हता. रूपराव कुठे गेला होता कोण जाणे. निजलेलं लेकरू कुठे जातं? खाली पडायला काही नाही, टोचायला काही नाही. एवढं वजन करून येतो, म्हणून अण्णाजी उठले.

देवकाबाई हात पुसत मधघरात आली तेव्हा झोळी सैल लोंबत होती. सुनेने नेली असेल, असं वाटून ती वळली, तर सून ओल्या केसांनी न्हाणीतून येत होती. हात रिकामे.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. विचारायची गरज पडली नाही.

कापसाच्या खोलीच्या दोन फळ्या निघालेल्या होत्या. ढिगात लेकरू दिसत नव्हतं. वरून कापूस घसरला होता. एका जागी मात्र तो हलत होता, थोडा थोडा, उंदीर असावा तसा. देवकाबाई फळ्यांवरून कशी गेली हे तिला पुढे कधी आठवलं नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि उपसलं. कुंदा पालथी झाली होती. तोंड कापसात, मुठी कापसात, आणि जितकी हलत होती तितकी खाली जात होती.

नाकाला, ओठांना, जिभेला तंतू चिकटलेले. देवकाबाईने बोट घालून तोंड मोकळं केलं, पालथं धरून पाठीवर थाप दिली. एक. दोन. तीन.

मग कुंदाने श्वास ओढला आणि अशी रडली की काट्यापाशी उभ्या असलेल्या बायांच्या माना वळल्या.

सगळे मधघरात जमले. रूपराव गोठ्यातून धावत आला, भैय्याजी दोन हातांत दोन-दोन ठोकळे घेऊन दारात उभा राहिला. कोकिळा कुंदाला छातीशी धरून खाली बसली होती आणि तिच्या केसांतलं पाणी कुंदाच्या पाठीवर ठिबकत होतं.

अण्णाजी एकच वाक्य परत परत म्हणत होते, मी आत्ताच तर गेलतो. मी आत्ताच तर गेलतो.

रूपराव बापाकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बापावर ओरडावंसं वाटत होतं, पण त्याने त्यांना धरून भिंतीशी बसवलं. आनंदाबाई मात्र मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आली. तिने झबलं ठेवलेल्या खिडकीकडे बोट केलं. बाबाचा काय दोष, म्हणाली. सकाळी ती येऊन गेली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी तानबाला खाल्लं, पोट भरलं नाही तिचं. ती मूठ कुंदावरून ओवाळायला वाकली.

"ठेव ते मीठ खाली," देवकाबाई म्हणाली.

"माय, तुले समजत नाई..."

"मलेच समजते." देवकाबाईच्या हातांना अजून कापूस चिकटलेला होता, तो ती एकेक तंतू करून काढत होती. "तानबाले कोनाची दिठ नाई लागली. मी निजली होती त्याच्यावर. दिवसभर वेचून आली, पाजाले घेतलं, अन् त्यानं मले उठवलंच नाई."

 रूपराव अनुसयाबाईच्या दारावरून रोज मान खाली घालून जात मोठा झाला होता. काहीतरी म्हणायला हवं असं त्याला वाटलं, पण नेहमीचं 'बराबर हाये' त्याच्या तोंडून निघेना. आनंदाबाईची मूठ तशीच हवेत राहिली. बोटांमधून मोहऱ्या जमिनीवर गळत होत्या.

"पंचवीस वर्सं," अण्णाजी म्हणाले.

"हाव."

"मले सांगाचं."

"कसं सांगू? भित बांधून झाली होती."

अण्णाजींनी तोंडावर धोतराचा सोगा घेतला. देवकाबाई त्यांच्याकडे गेली नाही. ती कोकिळेसमोर बसली. सासू आपल्याला काय म्हणेल याची सकाळपासून धास्ती घेतलेल्या कोकिळेने मान वर केली आणि स्वतःच बोलून गेली, "माझाही डोळा लागला होता, आत्याबाई. एकडाव. तिचं नाक माझ्या दंडाखाली होतं. म्हणून ही पेटी."

देवकाबाईने कुंदाच्या पाठीवरचं पाणी पदराने टिपलं.

"तवा सांगाचं नाई मंग? मी समजली पुलगावची फॅशन हाये," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सकाळपासूनचा सगळा वैताग एकदम उतरला. "अन् मी इथं आठ दिवसांपासून झोळी बांधून बसली." मग ती भैय्याजीकडे वळली. "उभा काऊन राह्यला गा? ठोकळे दे पायाखाली."

ठोकळे दिल्यावर आकडे लाकडात बसले. भैय्याजीने पेटी दोन्ही हातांनी हलवून दाखवली, हलली नाही. खाट आणि पेटीच्या मध्ये बोट जाईल एवढीही फट नव्हती. कोकिळा कुंदाला घेऊन पुढे झाली.

"थांब," देवकाबाई म्हणाली.

ती खाटेवर चढली आणि आडवी झाली. सुनेच्या खाटेवर, सगळ्यांसमोर, सुनेच्या भावासमोर. अंग सैल सोडलं, दिवसभर वेचून आलेल्या बाईसारखं, आणि पेटीच्या बाजूला भार टाकून वळली. खांदा खाटेच्या लाकडाला लागून थांबला. हात मात्र चार बोटांची कड ओलांडून पेटीत पडला, जडच्या जड.

"हात येते आत."

भैय्याजीने कडेला आणखी एक पट्टी ठोकली. ती परत वळली. कोपर आत. त्याने अजून एक पट्टी ठोकली, वीतभर केली. ही वीत कोणाची, हे विचारायचा मोह आनंदाबाईला झाला असावा; पण ती खिळे एकेक करून त्याच्या हातात देत गेली. देवकाबाई तिसऱ्यांदा वळली, पोटावर, तोंडघशी, पूर्ण वजनानिशी. हात कडेला आपटला आणि बाहेरच राहिला.

ती तशीच पडून राहिली. मग आणखी एकदा उठून परत तशीच वळली, आणि आणखी एकदा. ती आता माप घेत नव्हती हे कोकिळेला कळलं. रूपरावाने पुढे व्हायला पाऊल उचललं तेव्हा तिने त्याला नजरेने थांबवलं.

"आन वं तिले," देवकाबाई उशीत म्हणाली.

कोकिळेने कुंदाला पेटीत उताणी निजवलं. रडून रडून कुंदाच्या पापण्या जड झाल्या होत्या. तिने एकदोनदा टाचा आपटल्या, फळीचा आवाज झाला, तो तिला आवडलेला दिसला. मग मुठी सुटल्या. देवकाबाईने कुशीवर होऊन कडेला कपाळ टेकलं. डोळे मिटलेले.

"श्वास आयकू येऊन राह्यला इथून," ती म्हणाली.

कोकिळा खाली, पेटीच्या पायाशी बसली. बाहेर बाया आपल्या गाठोड्यांपाशी ताटकळल्या होत्या, काटा तसाच लटकत होता. कुणी त्यांना हाक दिली नाही. थोड्या वेळाने तिने मान वर करून पाहिलं. भर दुपारी, खोलीत घरची सगळी माणसं उभी असताना, सासूला गाढ झोप लागली होती.